सहा नंबर, डावा

यंत्र बाबांचं.
चपलांचे तळवे कापायचं,
दर्यापूरच्या रस्त्याला, टिनाच्या खोलीत.
सहा, सात, आठ, नऊ,
काळ्या रबराच्या शीटमधून पावलं निघायची
आणि रात्री भाकरीलाही रबराचा वास.

मग बाजारात शंभरला दोन जोड आले.
यंत्रावर गोधडी पडली.
बाबा गोधडीशेजारी बसायला लागले.

गोधडी मी काढली.
गफ्फार मिस्त्रीकडून नवे साचे वाकवून आणले,
करवतीची जुनी पाती, सागाच्या फळीत ठोकलेली:
मुंडावळ्या, बाशिंग, केळीचा खांब,
आणि एक नवरी, मानेत जराशी झुकलेली.
"चेहरा नाही जमत," मिस्त्री म्हणाला,
"पोलाद एवढं वळत नाही.
नाक ज्याचं त्यानं पाहून घ्यावं."

कागद अकोल्याहून येतो, एस्टीच्या मागच्या सीटखाली,
शेंदरी, हळदी,
आणि तो एक मोरपंखी, दोन वर्षं न खपलेला.
दांडा धरायचा, अंगाचा भार टाकायचा.
पातं कागदातून जातं तेव्हा
कोवळी काकडी मोडल्यासारखा आवाज.

लग्नं उन्हाळ्यात, म्हणून काम उन्हाळ्यात,
आणि कूलर बंद.
कूलर लावला की नवऱ्या उडतात.
एक चुलीत गेली.
एक नवरदेव शेळीनं खाल्ला, फेट्यासकट.
पंचेचाळीस डिग्रीत डिंक बोटावरच वाळतो,
घामाचा थेंब पडला की शालू तेवढाच फुगतो.
अशी कार्डं मी विकत नाही,
आहेराच्या पाकिटाला लावते.

मागणाऱ्यांची तऱ्हा वेगळी.
कंडक्टर झालेली चंद्रभागा म्हणाली,
"माह्या कार्डाला कोपऱ्यात भोक पाड,
तिकिटासारखं. फक्त जायाचं."

मागच्या वैशाखात गावंड्यांच्या बाई आल्या.
"सून माप ओलांडून येईन पाय आता.
काही येगळं कर पोरी. परवा पाह्यजे, दोनशे."
साचा नव्हता. मिस्त्री उरुसाला गेलेला.
यंत्राखालच्या पेटीत हात घातला
तर सहा नंबर लागला.
गंजलेला. डावा.

रॉकेलनं पुसला, विटेवर घासला.
शेंदरी कागद ठेवला, भार टाकला.
डावं पाऊल.
तेच उलटं केलं,
उजवं.

कार्ड उघडलं की उंबरठा,
उंबरठ्यावर तांदळाचं माप,
आणि आत जाणारी दोन पावलं.
पट्ट्याची तीन भोकं होती प्रत्येकात,
त्यांवर टिकल्या चिकटवल्या.

बाईंनी कार्ड कपाळाला लावलं.
"लक्ष्मीचे पावलं! किती नाजूक निघाले वो!"

आता ती आहेत
कुणाच्या देव्हाऱ्यात, हळदीकुंकवाखाली,
कुणाच्या गल्ल्यावर,
डॉक्टरांच्या टेबलावर काचेखाली.
सहा नंबर, दोनशे जोड.
त्याच गावंड्यांकडे बाबा माप घ्यायला जायचे,
फाटकाशी उभे राहायचे,
आतून सुतळी यायची, गाठ मारलेली.
पाय कधी आला नाही.

कार्डं गेली त्या संध्याकाळी
बाबांनी उरलेला कागद उचलला.
सगळ्या शीटभर पावलांची भोकं.
एका भोकात पंजा घालून पाहिला,
बोटं उघडली, मिटली.
मी डिंकाची वाटी धूत होते,
मुद्दाम जास्त वेळ.

"सात नंबर काहून नाही घेतला?"
बाबा म्हणाले.
"थांब्यावर पाह्यली मी त्याइची सून.
उंच हाय पोरगी."

कागद पुरत नव्हता, मी म्हटलं.
त्यांनी मान हलवली, पटलं नसल्यासारखी,
आणि पेटी पुढं ओढून
सात शोधायला लागले.