घुंगुर

आमच्याकडे आगळ आणि औषध
एकाच जातीच्या बाटलीत राहतात.
लग्नाच्या पंगतीतली थंड्याची रिकामी बाटली
टाकवत नाही कुणाला.
म्हणून एकीत कोकमाचं आगळ,
दुसरीत कलमांच्या मोहरावर मारून उरलेलं.
फळीवर दोघी खेटून, जावांसारख्या,
आणि संध्याकाळी वीज गेली की
दोघींचा रंग एकच.

औषधच म्हणतात त्याला.
माझ्या खांद्यावरच्या पिशवीत असतं तेही औषध.
मी आशा. दोन वाड्या, एकशे बारा घरं,
मधे खाडीचा फाटा, ओहोटीला चालत, भरतीला होडीनं.
सरपणात हात घालण्याआधी काठी आपटा, विंचू असतो.
गॅसच्या नळीवरचं वर्ष वाचा.
विहिरीला कठडा नसेल तर निदान झापं तरी आडवी टाका.
बायका मान हलवतात, सुंगटं सोलत राहतात.
माझ्या आधीची आशाही हेच सांगायची,
तिच्या आधी रेडिओ.

मग कुबलांच्या वेदांगला तहान लागली.

त्याबद्दल इतकंच सांगते:
रिक्षा मिळाली, डॉक्टर जागेवर होते,
तिसऱ्या दिवशी त्यानं पेज मागितली.
त्याची आई मात्र अजून
पाण्याचा पेला पोराला देण्याआधी हुंगते.

सासऱ्यांचे बैल विकून सात वर्षं झाली.
त्यांच्या गळ्यातल्या माळा खुंटीला होत्या, हिरव्या पडलेल्या.
कोकमाच्या सालींनी घासल्या, घुंगुर सुटे केले,
आणि घरोघर औषधाच्या बाटलीच्या मानेला
एकेक बांधत गेले.
"कित्याक गो? बाटलेक काय नांगराक जुपतलंस?"
हसले सगळे. मीही.
पण अंधारात हाताला कळतं,
आणि पोराचा हात लागला तर घराला कळतं.
घुंगुर संपले तेव्हा एकेचाळीस घरं झाली होती.
तालुक्याच्या मॅडमनी वहीवरून बोट फिरवलं,
म्हणाल्या, हे कुठल्या योजनेत बसतं?
मला सांगता आलं नाही.

काल रात्री वारा नव्हता.
गडग्यापलीकडे जेठ्यांकडे वाजला.
एकदाच. मग थांबला,
कुणी मुठीत धरावा तसा.

त्या घरात लहान मूल नाही.
सासू दशावताराला गेलेली,
नवरा मलप्याच्या ट्रॉलरवर.
विशाखा एकटी.

मी धावले, अनवाणी.
विंचवाचं जगाला सांगते, स्वतः बॅटरी विसरले.
ती चुलीपाशी उकिडवी बसलेली, पदर मुठीवर ओढून.
"काय नाय गो, मांजार हुतां."

जेठ्यांकडे मांजर कधीच नव्हतं.
मी म्हटलं, "आसात. च्या ठेव."

ठेवली तिनं. हात कापत होता, साखर जास्त पडली.
घरात आलं नव्हतं, त्याचंच तिला वाईट वाटत राहिलं.
मग आम्ही बोललो, बांगड्याच्या भावाबद्दल,
तिच्या माहेरच्या विहिरीबद्दल, जिच्या पाण्याला गूळ लागतो म्हणे,
आणि बराच वेळ काहीच नाही.
कोंबडा आरवला तेव्हा ती रडली, थोडीशी,
जणू त्याचीच वाट बघत होती.

बाटली मी पिशवीत घातली. ती बघत होती.
नको म्हणाली नाही.
घरी येईस्तोवर
तापाच्या गोळ्या आणि लोहाच्या गोळ्यांमधे
घुंगुर पावलागणिक वाजत होता,
बैल परत आल्यासारखा.

वहीत लिहिलं: जेठे. घरभेट. कारण, मांजर.
पुढची भेट, आज संध्याकाळी.
जाताना आलं घेऊन जायचंय.