एमएच एकतीस

घोडेस्वार साहेबांनी ताडपत्री ओढली
तेव्हा आधी धूळ उठली, मग गाडी दिसली.
दोन हजार बाराची अल्टो.
कागदावर रंग चंदेरी.
कोराडीची राख इतकी वर्षं अंगावर घेऊन
आता आमच्या घरच्या पातेल्यांसारखा.

"घरची गाडी आहे मॅडम," ते म्हणाले,
"दीक्षाभूमी, रामटेक, अन् पोरीची शाळा.
चौथ्या ठिकाणी नेलीच नाही."
ऑर्डनन्सचं क्वार्टर महिनाअखेर सोडायचं होतं त्यांना,
निघायचं होतं पोरीकडे, पुण्याला.
तिकडे माणसालाच जागा नाही, गाडीला कुठून.
एक लाख पंधरा. याच्या खाली नका बोलू.

मी पॅथॉलॉजीत रक्त काढते. एकोणीस वर्षं झाली.
म्हाताऱ्यांची, तान्ह्या पोरांची, न सापडणारी नस
बोटाच्या पेरानं शोधते.
पण बॉनेट उघडलं
अन् मला एकही नस ओळखता येईना.
डिपस्टिक पुसून पाहिली जाणकारासारखी,
मान हलवली.
कशासाठी हलवली, देव जाणे.

जाफरनगरच्या लतीफभाईंनी
टायरांना एकेक लाथ मारली,
खाली वाकून गंज पाहिला, कान खाजवला.
"इंजन मक्खन है, दीदी. एसी भूल जाओ."
मे महिना. पंचेचाळीस डिग्री.
कूलरचा पंप बंद पडला तरी
आमच्याकडे शेजारी सांत्वनाला येतात.

बाबा तोवर निंबाखाली,
डोक्याला दुपट्टा, हातात पाण्याची बाटली.
चाळीस वर्षं गोळीबार चौकात माग चालवला त्यांनी.
माग विकला तेव्हापासून
घरात आवाज कमी, त्यांचं बोलणं त्याहून कमी.
ते आले. चालू गाडीच्या अंगावर तळवा ठेवला,
ताप पाहतात तसा.
डोळे मिटले.

"धागा सुटून राहिला," म्हणाले.
"दोन ठोके बरोबर पडतेत,
तिसरा मधातच रिकामा जाते."

लतीफभाई हसले.
मग हसायचे थांबले, अन् पाना मागितला.
तिसरा प्लग निघाला काळा, ओला.
प्लग तो कितीचा, दीड-दोनशेचा.
पण घोडेस्वार साहेबांनी आपणहून पाच हजार सोडले,
बाबांना खुर्ची दिली,
अन् कितीतरी वेळ दोघं काही न बोलता
गाडीकडे पाहत बसले.

लायसन्स आठ वर्षांचं जुनं, हात त्याहून कच्चा.
मी पुढचं दार उघडून धरलं,
बाबा मागे जाऊन बसले.
"समोर या ना."
"नाही. समोर ऑटोवाला बसते."

लॉ कॉलेज चौकापर्यंत ठीक होतं.
व्हेरायटी चौकात सिग्नल सुटला
अन् गाडी बंद पडली.
मागे स्टार बस, बाजूला संत्र्यांचा ठेला,
सगळं बर्डी माझ्यावर हॉर्न वाजवतंय,
एक पोरगा ओरडला, "काय करून राहिल्या ताई!"
पाठीवरून घामाची धार.
बाबा मागून, शांतपणे:
"होऊ दे. सक्काळी सक्काळी माग बी असाच रुसे."

चावी फिरवली. एक. दोन.
तिसऱ्यांदा धरलं तिनं.

गांधीबागेत सीट पुढे सरकवताना
खाली हाताला काहीतरी लागलं.
केसांची गुलाबी क्लिप, एक दात तुटलेली.
घोडेस्वार साहेबांना फोन करायचा म्हणून
तीन दिवस मनात धरलं.
केला नाही.
ती अजून तिथंच आहे.

आमच्या गल्लीत गाडी शिरत नाही,
हे कर्ज काढताना कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.
हेडाऊंच्या किराण्यासमोर लावली, आडवी-तिरपी.
बाबा उतरले, दार दोनदा आपटलं,
खिडकीशी वाकले,
बनियनच्या खिशात हात घातला.
"किती झाले?"

गंमत होती की सवय,
मला आजही सांगता येणार नाही.
"दहा," मी म्हटलं.
त्यांनी विसाची नोट दिली
अन् सुट्टे मिळेपर्यंत
हात पुढे धरून उन्हात उभे राहिले.