चौथं चर्च, सॅन अँटोनिओ

सुनेनं कागदावर पाच नावं लिहून दिली होती.
तीन होईपर्यंत ह्यांचे गुडघे बोलू लागले.
"चपला काढायच्या नसतील
तर दर्शन झाल्यासारखं वाटत नाही," म्हणाले,
आणि सावलीतल्या बाकावर बसून राहिले.

एस्पाडाचं दार मी एकटीनंच पाहिलं.
कमानीचे दगड म्हणे उलटसुलट बसलेत.
गवंडी चुकला की अर्ध्यावर पळाला, कुणास ठाऊक.
माहिती सांगणाऱ्या ओफेलियाबाई हात पसरून म्हणाल्या,
पडली तर नाही ना अजून!
आत मेणाचा वास, एका खिळ्याला
कुणाच्या तरी बाळाचा गुलाबी मोजा.
वर घंटा तीन. मी मोजल्या.

बाहेर आले तर बाक रिकामा.

हे झाडोऱ्यापलीकडे, पाटाशी, उकिडवे
(तेच गुडघे!),
पाण्यात काडी सोडून घड्याळ बघत.
पस्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात गेली,
पण असा चेहरा मी पगाराच्या दिवशीही पाहिला नव्हता.
"उतार बघ. दगडात, हातानं काढलेला.
पाळीनं भिजवत असणार,
आपल्याकडे मोसमच्या काठी भिजवतात तसं."

काय म्हणतात, ओफेलियाबाईंनी विचारलं.
पाण्याच्या पाळीला माझ्याकडे इंग्रजी नव्हतं.
बोटांवर वार मोजून दाखवले.
त्या चटकन खाली टेकल्या.
आजोबांची पाळी मंगळवारची, म्हणाल्या, रात्री दोनला.

मी ह्यांना सांगितलं.
"रात्रीचीच वाईट," हे म्हणाले,
"झोप लागली की शेजारी बारं फोडतो."

पाचवं चर्च राहिलं.
सुनेला अजून सांगितलेलं नाही.