एकोणीस चिंचोके

डॉक्टर फुर्टाडो म्हणाल्या, चाला. एवढंच.
आणि साखरेचा रिपोर्ट उलटा करून
त्याच्या पाठीवर पेनाने एक गोल काढला.

अँटॉप हिलच्या आमच्या गच्चीवर
पाण्याच्या तीन टाक्या, डिश अँटेनांचं रान,
पेडणेकरबाईंचे वाळत घातलेले पापड.
सगळ्यांना वळसा, की एक फेरी.
डाव्या खिशात एकवीस चिंचोके;
फेरी झाली की एक उजवीकडे.

पहिल्या आठवड्यात चोरी केली,
दोन-दोन ढकलले एकदम.
टाकीवरच्या कावळ्याने मान वाकडी केली.

मग मेव्हणीकडचं लग्न, खेडला.
बासुंदी. परत बासुंदी.
आल्यावर अकरा दिवस जिना चढलोच नाही.
बायको काही बोलली नाही.
चहा ठेवताना साखरेचा डबा
वरच्या फळीवरून काढला
आणि माझ्या हाताशी ठेवला, झाकण उघडून.

त्या झाकणाने रात्रभर झोप लागू दिली नाही.

बाराव्या दिवशी लेंगा शोधला.
इस्त्रीवाल्या रामसजीवनने खिशातला ऐवज
कागदात बांधून परत केला होता.
मोजले. एकोणीस.
दोन कुठे गेले, कोण जाणे.
एकोणीस तर एकोणीस.

गुडघा अजून कुरकुरतो. पोट आहे तिथेच आहे.
पेडणेकरबाई मात्र हल्ली
मला बघून पापड जरा आत सरकवतात.
खाली मोनोरेल जाते, डब्यात दोन डोकी.
उजवा खिसा जड होतो, मी खाली येतो.

सकाळी सगळे पुन्हा डावीकडे.