कुठलं सॉफ्टवेअर

दारूखान्यात भरदुपारी जहाज कापणं चाललं होतं.
मी शटर अर्धा सेकंद उघडं ठेवलं,
हात मुद्दाम हलवला.
घरी तो फोटो अक्षरांत उघडला,
मधल्या चार ओळी खोडल्या –
निळा रंग खाली ओघळला,
गॅसकटरची ठिणगी
जरीसारखी फाटली.

रात्री खारच्या तळघरात
फ्रेनीचा बेस बरगड्यांत शिरतो.
मी नॉब पिळतो,
भिंतभर गंज उसवत जातो.
प्रोजेक्टर तापलाय,
डाव्या हातानं त्याला पुठ्ठ्याचा वारा.

एकीनं कानाशी ओरडून विचारलं,
कुठलं सॉफ्टवेअर?
सलाउद्दीन, मी म्हणालो.
तिनं फोनमध्ये टिपून घेतलं.

पुढच्या ठोक्याला
काळा चष्मा न लावलेला त्याचा डोळा
बारा फुटांचा झाला
आणि मिटला.