ओझरचा गोली

मिग उतरताना चेंडू पोटाशी धरून थांबायचा मिकोला.
"आवाज संपू दे," म्हणायचा, "मग मार."

पोल्टावाकडचा. गुडघा गेला तेव्हा एकोणतीस.
मग हातात पाना, मग ओझर,
मग आम्ही अकरा पोरं
नि द्राक्षमांडवाच्या अँगलचे दोन खांब.
जाळी म्हणून विमानाची टाकाऊ ब्रेक-छत्री:
"हिनं मिग थांबवलंय, तुझा चेंडू काय!"

किती वाचवले विचारलं, की खांदे उडवी.
खाल्लेले गोल मात्र वहीत होते, तारखेनिशी,
कुणाच्या पायाचा, कुठल्या कोपऱ्यात.
एकापुढे लिहिलेलं, डोळ्यांवर ऊन होतं.
खाली त्याच शाईत: खोटं.

आधी पडायला शीक, म्हणाला.
कांद्याच्या गोण्यांत भुसा भरून
पाडत राहिला मला डावीकडे,
पुन्हा डावीकडे.

गेला तेव्हा वही इथंच राहिली.
विसरला असेल. नसेलही.

आता माझ्याकडे सोळा पोरं.
काल देवळालीकडून तीन खाल्ले रोहिदास गांगुर्डेनं.
"सर, ऊन होतं."

मी वही पुढे केली, पेन दिलं.
वर सुखोई वळत होतं.
आवाज संपेपर्यंत
थांबलो दोघं.