तासिका तत्त्वावर

पहिली तासिका सात वीसची. खोली बारा, बीबीए दुसरं वर्ष.
जेलरोडहून गंगापूर रोडपर्यंत गाडी रेटत येते,
द्वारकेला रोज सहा मिनिटं अडकते,
ती सहा मिनिटं कुणी मोजत नाही.
फळ्यावर काढते माणसाच्या गरजांचा त्रिकोण.
तळाला अन्न, निवारा, टोकाला स्वतःचा शोध.
मुलं टोक आधी उतरवून घेतात.

दुसरी तासिका वरच्या मजल्यावर, माध्यम अभ्यास.
तिथे बातमीचे सहा ककार:
कोण, काय, कुठे, कधी, कसे, का.
जिन्यात हातावरचा खडू झटकला
की व्यवस्थापनाची पत्रकारिता होते.

हर्षल चव्हाणके अंबडला रात्रपाळी करून येतो
आणि 'वेळेचे नियोजन' या धड्याला हमखास झोपतो.
मी उठवत नाही.
धडा त्याला येतो.

मृण्मयी तांबट. वडिलांचं भांडी बाजारात दुकान.
प्रकल्पात तिनं त्याच दुकानाची चिरफाड केली.
बलस्थान: ठोक्याचा आवाज, गिऱ्हाईक गल्लीच्या तोंडाशीच ओळखतं.
उणीव: पप्पा उधारीची वही कुणाला दाखवत नाहीत.
धोका: आंदणात आता घंगाळ कोण देतं?
संधी, या रकान्यात
पेन्सिलीनं लिहिलं होतं 'मी',
मग खोडलेलं.
कागद तिरका धरला की दिसत होतं.
मी दहापैकी नऊ दिले.
तो एक कुठे गेला, मलाही सांगता येणार नाही.

अदनान कोकणीनं गोदाकाठचा बुधवारचा बाजार टिपला,
तीन मिनिटं, मोबाइलवर.
ताडपत्रीखालचा निळा उजेड, सुक्या बोंबलांचा ढीग,
आणि शेवटी तराजू धरलेली बाई थेट विचारते,
"हे कुठं दाखवणारेस रे?"
पुढचे अकरा सेकंद फक्त वारा.
तो म्हणाला, मॅडम, हे कापतो.
मी म्हटलं, एवढंच ठेव.

मग मुलाखतीचा सराव आला.
दीक्षा पगारेनं वही उघडली, टोपण दातात धरलं,
आणि समोर मलाच बसवलं.
"मॅडम, तासाला किती मिळतात?"
आकडा सांगितला.
"मिळतात कधी?"
वर्ग हसला.
मी म्हटलं, शिमगा सांगतात, गणपतीत येतात.
"आणि मे महिन्यात?"
मे महिन्यात तासिका नसतात.
आता कुणी हसलं नाही.
चांगला प्रश्न विचारल्यावर
गप्प कसं बसायचं, हे मीच शिकवलं होतं तिला.
ती गप्प बसली.
मग मीच बोलत राहिले.

भित्तिपत्रकासाठी खालच्या वर्गातून मृण्मयीला बोलावलं.
तिनं चौकट केली:
पेट्रोल, झेरॉक्स, खडूनं खराब झालेल्या ओढण्या,
द्वारकेची सहा मिनिटंसुद्धा.
आलेख काढला, खर्चाची रेघ, मिळकतीची रेघ.
"ना नफा ना तोटा असा बिंदू निघतो, मॅडम,
पण तो कागदाच्या बाहेर जातो."
हवं तर खाली एक कागद चिकटवते, म्हणाली.

दीक्षाच्या बातमीत पाच ककार होते.
'का'च्या जागी दोन ओळी कोऱ्या सोडलेल्या.
मी लाल पेनानं एकच सुधारणा केली:
स्रोताचं नाव झाकायला शीक.

सोमवारी भित्तिपत्रक लागलं.
'नाव न सांगण्याच्या अटीवर एका शिक्षिकेने...'
प्राचार्य हात मागे बांधून उभ्यानं वाचत होते,
चौकटीसकट, चिकटवलेल्या कागदासकट.
"छान काम केलंय मुलांनी.
कुठल्या कॉलेजातल्या आहेत हो या बाई?"

शेजारच्या असतील, सर, मी म्हटलं.

मग ऑफिसात जाऊन मस्टर ओढलं,
दोन रकान्यांत दोन सह्या केल्या.
दुसरी नेहमीपेक्षा जरा मोठी आली,
शेजारच्या रकान्यात शिरली.